मागच्या ओळीतले चेहरे

लखनौच्या मराठी मंडळात कुणाच्या घरी बारसं असो की सत्यनारायण, बोलावण्याच्या फोनमधलं शेवटचं वाक्य ठरलेलं असे, "आणि काका, कॅमेरा आणा हं." ते ऐकल्याशिवाय चंद्रहासराव मेहेंदळ्यांना आमंत्रण पुरं झाल्यासारखं वाटत नसे. मूळचे मिरजेचे, रेल्वेत सिग्नलचे इंजिनियर. नोकरीनं लखनौला आणलं आणि निवृत्तीनंतर परत जायचं राहूनच गेलं. आलमबागेतल्या फ्लॅटमध्ये व्हिडिओ बघून बघून त्यांनी फोटोग्राफी शिकून घेतली होती. कॅमेरा ऑटोवर ठेवून फटाफट फोटो काढणाऱ्यांची त्यांना कीव येई.

"कॅमेऱ्याला अक्कल नसते," मंडळाचा सेक्रेटरी जगदीश भेटला की ते त्याला समजावून सांगत. "पांढरं समोर आलं की तो काळोख करतो, काळं आलं की भसाभस उजेड ओततो. खरं काय आहे ते आपण सांगायचं असतं त्याला."

"काका, आप तो पूरे प्रोफेशनल हो," जगदीश म्हणे. तो जन्मला लखनौत, मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीतून यायचं.

मार्च महिन्यात मुक्ता परुळेकरची बदली झाली. मुक्ता मलिहाबादच्या बाजूला आंब्यावर संशोधन करायची. बरीच वर्षं लखनौत काढून आता वेंगुर्ल्याला, आपल्या मुलखात निघाली होती. मंडळानं निरोपाचा कार्यक्रम ठरवला. स्लाइड शो अर्थातच काकांकडे.

एका दुपारी चंद्रहासरावांनी लॅपटॉप उघडला आणि मुक्ताचे फोटो शोधायला सुरुवात केली. गणपती, कोजागरी, पाडवा, सहली. मुक्ता प्रत्येक कार्यक्रमाला असायची, राबायची, पानं वाढायची. पण फोटोत ती दिसेना. म्हणजे साडी दिसत होती, हसल्यावरचे दात दिसत होते, चेहऱ्याच्या जागी मात्र काळा डाग. शेजारच्या बायका मासिकातून कापून काढल्यासारख्या स्वच्छ, आणि मुक्ता अंधारात. मुक्ता रंगानं काळी होती. आणि त्यांनी प्रत्येक वेळी उजेड मोजला होता तो गोऱ्या चेहऱ्यांवर. एका फोटोत तर ती उजवीकडे उभी होती आणि त्यांनी तिला कडेनं कापून टाकलं होतं.

"अगं, मुक्ताचा एक धड फोटो नाही माझ्याकडे," त्यांनी बायकोला हाक मारून सांगितलं.

विभाताई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "माहीत आहे मला. तुमचे फोटो आले की मी आधी तिलाच शोधते."

"मग कधी बोलली नाहीस?"

"काही बोललं की तुम्ही लाइटचं सांगायला लागता."

चंद्रहासराव परत लॅपटॉपकडे वळले. कार्यक्रम दुसऱ्या दिवशीच होता. त्यांनी आरतीचा एक फोटो घेतला, हातात तबक धरलेली मुक्ता, आणि तिच्या चेहऱ्यावरचा उजेड वाढवायला लागले. चेहरा वर आला, पण पिवळाजर्द. पिवळेपणा काढायला त्यांनी रंग निळ्याकडे सरकवला. उजेड अजून वाढवला. हळूहळू एक राखाडी-गुलाबी, गुळगुळीत बाई पडद्यावर उभी राहिली. "उजळली की," ते स्वतःशी म्हणाले, आणि खरं सांगायचं तर तेव्हा त्यांना समाधानच वाटलं.

कार्यक्रमात तो फोटो भिंतभर आला. मग जगदीशचा आवाज आला, "अरे मुक्ता, काकाने तो तुझे फॉरेनर बना दिया!"

लोक हसले. मुक्ताही हसली. हसता हसता तिनं मान खाली घातली आणि हातातल्या बशीतला बटाटेवडा उगाच मोडत राहिली. चंद्रहासरावांचं बोट पुढच्या फोटोच्या बटणावर होतं, पण दाबायचं सुचेना. शेवटी कुणीतरी "आगे, काका, आगे" म्हणालं.

जेवणाच्या रांगेत ते तिच्याजवळ गेले. "मुक्ता, तो फोटो जरा... त्या दिवशी लाइट फार वाईट होता."

"हो, काका," ती म्हणाली. "लाइट नेहमीच वाईट असतो." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे त्यांना तिच्याकडे बघवेना. मग तिनंच विचारलं, "एक काम होतं. गेल्या वर्षीच्या संक्रांतीला आई आली होती ना, गच्चीवर सगळ्यांचा फोटो काढला होता तुम्ही. त्यात आई आहे. माझा फोन हरवला, त्यात तिचे इथले सगळे फोटो गेले. नंतर पावसाळ्यात तीच गेली. तो एक फोटो मिळेल का?"

"आजच देतो. जरा नीट करून..."

"नीट नको करायला," मुक्ता पटकन म्हणाली. "जसा आहे तसा द्या."

घरी येऊन त्यांनी तो फोटो काढला आणि ती सकाळ लख्ख आठवली. धुकं निवळून ऊन पडलं होतं. बायका संक्रांतीच्या काळ्या साड्या नेसून आलेल्या. एवढं काळं समोर असलं की कॅमेरा फसणार, म्हणून त्यांनी मुद्दाम उजेड कमी केला होता. त्या हुशारीचं त्यांना कौतुकही वाटलं होतं. मुक्ता आणि तिची आई माणिकताई पहिल्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या तेव्हा ते म्हणाले होते, "मुक्ता, तुम्ही दोघी मागं जा बरं, शामियान्याखाली. पुढं फोटोचा बॅलन्स बिघडतोय."

सगळ्यांसमोर म्हणाले होते. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मागच्या ओळीत, पिवळ्या कापडाच्या सावलीत, मुक्ताच्या खांद्याला लागून एक काळोखी गोल आकृती होती. त्या माणिकताई. 'जसा आहे तसा' हा फोटो मुक्ताच्या हातात ठेवायचा त्यांना धीर होईना. मूळ मोठ्या फायली असत्या तर बरंच काही वर काढता आलं असतं, पण जागा अडते म्हणून त्या त्यांनी कधीच पुसल्या होत्या. उरलेल्या फोटोतून ते उजेड खेचत बसले. कुंकू आलं. नाकातली चमकी आली. डोळे आले. तोंडाशी फोटो फुटून नुसते दाणे दाणे, ओठ काही जुळेनात. आणि त्या दाण्यांना रंग कोणता द्यायचा इथं येऊन त्यांचा हात थांबला. माणिकताई कशा दिसायच्या? चंद्रहासरावांच्याच घरी ती बाई दोनदा जेवली होती, तिनं सोलकढी करून पाजली होती. त्यांना एवढंच आठवत होतं की ती काळी होती. कुठला काळा, तांबूस की गव्हाळाकडे झुकणारा, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

सकाळी ते लॅपटॉप घेऊन इंदिरानगरला मुक्ताच्या घरी गेले. दारात खोके, सगळीकडे वर्तमानपत्रं.

"तू नीट करू नको म्हणालीस," ते उभ्याउभ्याच म्हणाले, "पण आहे तसा द्यायलाही लाज वाटते. मला त्यांचा रंग आठवत नाही, मुक्ता."

 मुक्तानं खिडकीजवळचा एक खोका सरकवला, त्यावर लॅपटॉप ठेवायला सांगितला, आणि बाही वर करून आपला हात पडद्याशेजारी धरला. "हा. कोपराच्या आतला. आईचा असाच होता."

त्यांनी रंग सरकवला.

"नाही, ही आजारी दिसते. अजून तांबूस. अजून. थांबा, एवढा उजेड नको. बस."

दोघंही त्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. ओठ पुसटच होते.

"मी तुम्हा दोघींना मागं पाठवलं," चंद्रहासराव म्हणाले. "बॅलन्सबिलन्स काही नव्हतं. चुकलो मी."

"आठवतं मला," मुक्ता म्हणाली. "जिना उतरताना आईनं विचारलं, मी एवढी बुटकी, माका मागं कशाक उभी केली गो? आता काय सांगणार तिला? म्हटलं, तुला ऊन लागू नये म्हणून काकांनी सावलीत पाठवलं. तर म्हणाली, बरो माणूस आसा."

 खाली टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. मुक्तानं पेनड्राइव्ह दिला, त्यांनी फोटो घालून परत केला. चहा घ्या, असं ती म्हणाली नाही, आणि ते त्यांना योग्यच वाटलं. पाया पडायला मात्र ती वाकली. ते इतके ओशाळले की आशीर्वाद द्यायचंही भान राहिलं नाही.

घरी परतले तर मंडळाच्या ग्रुपवर जगदीशनं आरतीचा तो राखाडी-गुलाबी फोटो टाकलेला, खाली हार्टच हार्ट. "किती सुंदर दिसतेय मुक्ता!" "पहचान में नहीं आ रही!" चंद्रहासरावांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, "हा फोटो खोटा आहे. मुक्ता अशी दिसत नाही. मी तिला गोरी केली. इतकी वर्षं तिचा चेहरा नीट काढला नाही, हा दोष लाइटचा नव्हे, माझा. कृपया हा फोटो सगळ्यांनी पुसावा."

पाठवला. विभाताईंनी आपल्या फोनवर वाचला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

जगदीशचं उत्तर लगेच आलं, "अरे काका, टेन्शन मत लो यार, मस्त फोटो है." पाठोपाठ चार-पाच अंगठे. मुक्तानं वाचल्याची खूण संध्याकाळी दिसली, तेव्हा ती गाडीत असणार. तिनं काही लिहिलं नाही. फोटो कुणी पुसला, कुणी ठेवला, हे विचारायची चंद्रहासरावांना कधी हिंमत झाली नाही.