राजकन्याच्या टेपावरचं मुदखेड

मुदखेडात बायांची कंबर वाढत न्हाई. हसू नका. वीस वर्षं झाली, मी स्टेशनच्या रस्त्याला मॅचिंग सेंटर चालवून राहिले. माझ्या डोळ्यांदेखत नव्या नवऱ्या आया झाल्या, आयांच्या सासवा झाल्या, दारातून आडव्या शिरायला लागल्या. पण शेजारच्या राजकन्या टेलरच्या वहीत ज्यांचं बत्तीस होतं त्यांचं बत्तीसच राहिलं. हिमायतनगरच्या बाया गाडीत बसून हिच्याकडं ब्लाउज टाकायला येतात, ते काय उगीच?

मी गंगम्मा. माहेर देगलूरकडचं, म्हणून तोंड फटकळ, असं इथले लोक म्हणतात. देगलूरचा काही दोष न्हाई, मी मुळातच तशी हाय.

राजकन्या शेतकऱ्याची लेक. नाव राजकन्या अन् अंगानं पैलवान. तिच्या लग्नाच्या वेळी गावच्या टेलरनं भरल्या अंगणात, नवऱ्याकडची माणसं बसलेली असताना, तिचं माप मोठ्यानं ओरडून लिहून घेतलं. कुणीतरी म्हणलं, "ब्लाउज कशाला, पोतंच शिवा." सगळे हसले. तिचा होणारा नवरा, हनुमंत, तोही हसला. हे तिनं मला एकदाच सांगितलं, अन् सांगताना सुईत दोरा ओवायला तिला चार खेपा लागल्या. लग्नानंतर ती हट्टानं शिवणक्लासला गेली, मशीन घेतलं, दुकान टाकलं. माप ओरडून सांगायची रीत तिनंही ठेवली. फक्त हिच्या दुकानात आकडा ऐकला की बाईचं तोंड फुलायचं.

ते का फुलायचं, ते मला लेसवरून कळलं. एका बाईनं माझ्याकडून दोन मीटर लेस नेली होती. राजकन्या तरातरा माझ्या दुकानात आली. "गंगाक्का, सहा इंच कमी हाय. गिऱ्हाइकाला असं फसवता का?"

मला कुणी लबाड म्हणलेलं खपत न्हाई. मी शिक्का मारलेला लोखंडी मीटर काढला, लेस लावून दाखवली, बरोबर भरली. मंग तिचा टेप त्याच मीटरला लावला. एकोणचाळीस इंच दिसायला पाहिजेत, दिसले छत्तीस. अय्यो! रेक्झिनचा जुना टेप, वर्षानुवर्षं ओढून ओढून ताणला होता. बाया वाढत गेल्या तसा टेपही वाढत गेला, म्हणून आकडा जाग्यावर. मोजायचं त्याच टेपानं, कापायचंही त्याच टेपानं, त्यामुळं ब्लाउज अंगाला चपखल बसायचा. कुणाच्या बापाला कळणार होतं?

राजकन्या माझ्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसली. मी म्हणलं, "त्यात काय, नवा घे." दुसऱ्या दिवशी बघते तर गळ्यात तोच टेप.

"काहून गं?"

"गंगाक्का, नवा घेतला तर आख्खं मुदखेड एका दिवसात तीन इंचांनी जाडं होईल. माझ्या दुकानातून बाई रडत गेलेली मला चालायची न्हाई."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गप बसले.

आता मासिकांचं सांगते. हनुमंत नांदेडला ठेकेदाराकडं गाडीचे डबे साफ करायला जातो. एसीच्या डब्यात लोक इंग्रजी फॅशनची मासिकं टाकून जातात, ती तो घरी घेऊन येतो. लग्नात हसल्याची भरपाई म्हणून आणतो असं मी म्हणते, ती म्हणते तसं काही न्हाई. दुकानाच्या बाकावर ती मासिकं पडलेली असायची. बायांना इंग्रजी येत न्हाई, पण गळा कळतो. पान उलटायचं अन् फोटोवर बोट ठेवायचं: "असाच मागून खोल, पण आमच्या सासूला दिसायला नको." मासिकातल्या पोरीच्या अंगावरचा गळा तेवढा मुदखेडात यायचा, पोरगी तिकडंच राहायची. कुणाची काही तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती कावेरीबाईच्या तनुजानं ते वाचायला घेतल्यापासून. तनुजा शिकलेली पोरगी, नांदेडला एका ऑफिसात कामाला, रोज गाडीनं ये-जा. लग्न ठरलं होतं. संध्याकाळी गाडीतून उतरली की घरी जायच्या आधी राजकन्याच्या बाकावर टेकायची अन् वाचून दाखवायची.

"मावशी, यात लिहिलंय, बायांची अंगं तीन तऱ्हेची असतात. एक सफरचंद, एक नासपती, अन् एक वाळूचं घड्याळ."

"भोपळ्याचं काय लिहिलंय ते बघ," मी दुकानातून ओरडले.

दुसऱ्या एका लेखाचं नाव होतं 'स्वतःसारख्या दिसा'. स्वतःसारखं दिसायला काय काय विकत घ्यायचं, त्याची पुढं दोन पानं यादी. अन् फोटोतल्या पोरी सगळ्या एकाच आईच्या पोटच्या वाटाव्या इतक्या सारख्या. तनुजाला त्यातल्या एकीच्या अंगावरचा घागरा आवडला. रिसेप्शनला तोच पाहिजे. अन् त्याच्याखाली लिहिलं होतं म्हणे, की अशा घागऱ्याला कंबर अठ्ठावीस पाहिजे.

झालं! पोरीनं भाकरी सोडली. सकाळी कोमट पाणी, दुपारी काकडी, संध्याकाळी पुन्हा पाणी. नवऱ्या मुलानं एका शब्दानं काही म्हणलं नव्हतं, त्या बिचाऱ्यानं जेवणात गुलाबजाम हायत का तेवढं विचारलं होतं. महिन्याभरात पोरीचे गाल बसले, डोळे आत गेले, पण कंबर काही हलेना, कारण कावेरीबाईच्या घरच्या बायांची हाडंच रुंद. एक दिवस तनुजा मुदखेड स्टेशनात गाडीतून उतरताना चक्कर येऊन पडली. कपाळाला तीन टाके.

कावेरीबाई माझ्या दुकानात येऊन पदर तोंडात धरून रडली. "गंगाक्का, घरात ज्वारी मावंना अन् माझी पोरगी उपाशी. हिच्या बापाला काय तोंड दाखवू?"

दोन दुकानांच्या मधे नुसता पडदा, राजकन्या त्याच्याआडून ऐकत होती. संध्याकाळी तनुजा बाकावर टेकली तशी तिला म्हणली, "उठ, माप देऊन जा." टेप गुंडाळला अन् रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडली, "कंबर अठ्ठावीस!"

पोरीचा विश्वास बसंना. तिनं पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा अठ्ठावीस. मंग ती आरशासमोर उभी राहिली, या बाजूनं वळली, त्या बाजूनं वळली, अन् हसली. मी माझा डबा तिच्यापुढं सरकवला. दोन भाकऱ्या अन् ठेचा, पोरीनं बोटं चाटून खाल्लं. दारात उभ्या कावेरीबाईला हुंदका फुटला. मलाही गलबलून आलं, खोटं कशाला सांगू.

दहा दिवस बरे गेले. पोरगी जेवायची, हसायची, गालांवर पाणी चढलं.

पण शिकलेल्या माणसाचा मूर्खपणाही हुशारीचा असतो. तनुजानं काय करावं? मापानं शिवून घरपोच पाठवणाऱ्या दिल्लीच्या एका कंपनीला मोबाईलवरून तो घागरा सांगितला, अन् माप कळवलं अठ्ठावीस. आम्हाला पत्ता न्हाई. "मावशीचं माप कधी चुकत न्हाई," असं ती आईला म्हणली होती.

लग्नाला चार दिवस राहिले अन् पार्सल आलं. घागरा गुडघ्यावरून चढला, कमरेला अडला. चेन लागंना, तीन बोटांचं अंतर. तनुजानं ऑफिसातली पट्टी आणून घागरा मोजला. बरोबर अठ्ठावीस, सुताचाही फरक न्हाई. म्हणजे चूक कुणाची? तिनं हिशेब लावला: दहा दिवसांच्या भाकरीची. त्या दिवसापासून तिनं अन्न बंद केलं, अन् पाणीसुद्धा घोटभर. कावेरीबाई धावतच सांगायला आली. टाके पडलेली पोरगी, चार दिवसांवर लग्न, मांडवात पुन्हा पडली म्हणजे?

मी राजकन्याला म्हणलं, "कंपनीच लबाड हाय म्हण. दिल्ली लांब, कुणी भांडायला येत न्हाई."

"पोरीनं मोजून बघितलंय, गंगाक्का."

"मंग पोरीला एकटीला बाजूला घेऊन सांग. बोभाटा नको."

"एकटीला सांगितलं तर तिला वाटंल, समजूत घालायला खोटं बोलून राहिली. एकदा बोललेच हाय की." तिनं माझ्या हातातला लोखंडी मीटर घेतला अन् निघाली. तो माझा होता, म्हणून मीही मागं निघाले.

कावेरीबाईच्या घरी त्या दिवशी बांगड्या भरायच्या होत्या. तिथं कोण नव्हतं? राजकन्याची वीस वर्षांची सगळी गिऱ्हाइकं सतरंजीवर हात पुढं करून बसलेली. तनुजा भिंतीला टेकून, ओठ वाळलेले. राजकन्या मधोमध बसली. मीटर ठेवला, त्याच्या बाजूला टेप अंथरला.

"तनू, बघ. माझ्या टेपाचे छत्तीस म्हंजे खरे एकोणचाळीस. तुझी कंबर अठ्ठावीस कधीच नव्हती. साडेतीस होती, आजही तेवढीच हाय. भाकरीनं काही झालं न्हाई. मी खोटं बोलले."

बांगड्यांचा आवाज थांबला. मंग बाया मनातल्या मनात बेरीज करायला लागल्या. ओठ हलताना मला दिसून राहिले होते. "म्हंजे माझं चाळीस..." कावेरीबाई सुरू झाली अन् पोरीच्या काळजीतही तिचा आवाज बसला, "...त्रेचाळीस?" एकीनं पदर सारखा केला. दुसरी तोंडावर म्हणली, "आमची फजिती करून राहिलीस व्हय इतकी वर्षं?"

तनुजा कुणाकडंच बघत नव्हती. "मावशी," ती म्हणली, "त्या दिवशी मी तुमच्या आरशात बघितलं. मी बारीक दिसले होते. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी."

"हाव. मीही बघितलं तुला. लई चांगली दिसत होतीस."

"पण मी साडेतीस होते."

"साडेतीसच होतीस."

पोरगी रागानं उठली अन् स्वयंपाकघरात गेली. भांडं पडल्याचा आवाज आला. आम्ही धावलो. ती उभ्या उभ्याच सकाळची भाकरी दुधात कुस्करून खाऊन राहिली होती, अन् रडून राहिली होती. कावेरीबाईनं नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला.

घागरा सैल करायला शिवणीच्या आत जादा कापड नव्हतंच. राजकन्यानं कावेरीबाईच्या नारायणपेठी साडीचे काठ काढून दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडल्या. रिसेप्शनला लोक विचारत होते, ही कुठली फॅशन? अन् नवऱ्या मुलाची आई कावेरीबाईच्या कानाशी लागून काय म्हणावी? "सूनबाई चांगली हाय हो, पण लई वाळलेली. माहेरी खायला घालत नव्हता का?"

राजकन्यानं नांदेडहून नवा टेप आणला. माझ्या मीटरला लावून पारखून घेतला. अन् दुकान ओस पडलं. पंधरा दिवस बाकावर कोणी टेकलं न्हाई. मला लई वाईट वाटलं. तनुजा वाचली ती हिच्यामुळं, अन् बाया तोंड फिरवून जातात! मी ठरवलं, आपणच आधी जायचं, म्हणजे बाकीच्यांची भीड चेपंल. ब्लाउजपीस घेतलं, मुद्दाम बाजाराच्या दिवशी, रस्त्यावर गर्दी असताना गेले. दोघी-तिघी दारात थांबून बघायला लागल्या. मी हात वर केले. राजकन्यानं टेप गुंडाळला अन् नेहमीसारखी ओरडली, "चव्वेचाळीस!"

मी आजवर एक्केचाळीस होते. टेपाची भानगड मीच शोधून काढली होती, मीटर माझा होता, बेरीज मला कधीच करता आली असती. तरी माझ्या तोंडून निघालं, "हा टेप खोटा हाय. बदलून आण."

राजकन्यानं वहीत चव्वेचाळीस लिहिलं. दारातल्या बाया आत आल्या, एक बाकावर टेकली, तिनं मासिक उघडलं. मी दुकान लवकर बंद केलं. घरी जाऊन भाकरी थापल्या, सगळ्यांना गरम गरम वाढल्या, अन् नवऱ्यानं विचारलं तेव्हा मला आज भूक न्हाई म्हणून सांगितलं.