थोरलीची खोड

आमच्या ह्यांचे दोन संसार आहेत. एक माझ्याशी, दुसरा एका प्रोग्रामिंग भाषेशी. ही सवत माझ्या आधीची, म्हणून मी तिला थोरली म्हणते. हे एका मोठ्या लाँड्रीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतात आणि तिथला सगळा कारभार थोरलीत लिहिलेला आहे.

थोरलीला एक खोड आहे. प्रश्नापुढची चौकट रिकामी सोडली की ती खुशाल 'हो' समजते. एकदा 'कडक स्टार्च हवा का?' यापुढे काही लिहायचं राहिलं आणि एका गृहस्थांचे मोजे घरी जाऊन जमिनीवर आपसूक उभे राहिले. तेव्हापासून हे घरीसुद्धा एकही प्रश्न रिकामा सोडत नाहीत. हे झोपेत असताना मी "ऐकलंत का?" म्हटलं, तरी "नाही!" असं खणखणीत उत्तर येतं.

ह्यांची भाची त्याच ऑफिसात लागली. आल्या आल्या म्हणाली, "मामा, नव्या भाषांत ही भानगडच नसते. सोडा ना आता हिला!"

"नवीत दुसरी भानगड असेल. ती शोधण्यात माझी उरलीसुरली नोकरी जाईल. हिच्या सगळ्या खोडी मला पाठ आहेत. पदरी पडलं, पवित्र झालं."

हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, ते मला मुळीच आवडलं नाही.

मग नवे साहेब आले. त्यांना थोरली डोळ्यांसमोर नको होती. ह्यांचं जेवणावरून मन उडालं. "तिला काढलं तर मी तिथे काय करू? मोज्यांच्या जोड्या लावू?" असं म्हणायचे. सवतीचा मला राग होताच, पण ह्यांचं पडलेलं तोंड बघवेना.

साहेब सगळ्यांना विचारून चालणारे. त्यांनी प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर प्रश्न धाडला, 'जुनी भाषा बदलायला तुमची हरकत आहे का?' भाचीने ठासून 'नाही' लिहिलं, ह्यांनी तितकंच ठासून 'हो'. बाकी कुणी नेहमीप्रमाणे बोटही हलवलं नाही. पण प्रश्न गेला होता थोरलीतूनच! संध्याकाळी निकाल आला. भाची सोडून झाडून सगळ्यांची हरकत, खुद्द साहेबांचीसुद्धा. साहेबांनी घाबरून बेत गुंडाळला.

हे शीळ घालत घरी आले. भाजी दोनदा मागून घेतली. मग एकदम हात थांबला.

"पण हे खोटंच झालं की गं. साहेबांना खरं सांगू का?"

मला 'नाही' म्हणून ओरडावंसं वाटलं. कितीतरी दिवसांनी माणूस पोटभर जेवत होता. पण खोट्याला साथ द्या, असं तरी कुठल्या तोंडाने सांगायचं? मी गप्प बसले. तिथेच माझं चुकलं.

"बरं, तू म्हणतेस तर सांगतो," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी दारातच उभी होते. "काय म्हणाले साहेब?"

"सगळं ऐकून घेतलं. मग मी विचारलं, तर मग जुनीच चालू ठेवू का?"

"मग?"

"काहीच बोलले नाहीत. नुसते डोक्याला हात लावून बसले." ह्यांनी हात धुतले आणि ताट ओढून घेतलं. "म्हणजे हो."