बॅटरीच्या भरवशावर दवाखाना

मंडळी, मामींच्या छातीत आज सकाळी कळा सुरू झाल्या. पुण्याहून आलेल्या जावयांच्या पेट्रोल आणि चार्जिंग दोन्हीवर चालणाऱ्या प्लग-इन हायब्रीड गाडीतून आम्ही वाशीमला निघालो. मानोऱ्याच्या अलीकडेच गाडी बंद पडली.

जावई घामाघूम. “पेट्रोल मानोऱ्यात भरणार होतो. बॅटरी तर रात्रभर चार्जिंगला लावली होती!”

“शेतातल्या बोर्डाले कायले लावली, जवाईबापू?” मामा ओरडले. “तिथं या हप्त्यात लाईन दिवसाच राह्यते, रात्री वीज नसते!”

मामी डोळे मिटून होत्या. एका मोटारसायकलवाल्याला थांबवलं.

“एवढी मोठी गाडी, अन् पेट्रोल माह्याकडून?” म्हणत त्याने बाटलीभर काढून दिलं.

त्यावर मानोरा गाठून पेट्रोल भरलं आणि वाशीमच्या दवाखान्यात पोचलो. मामी आता धोक्याबाहेर आहेत.

लहान बॅटरी, कमी किंमत, रोज घरी चार्जिंग, हे कंपनीचं गणित मला समजतं. पण जिथं लाईनच एक हप्ता दिवसा, एक हप्ता रात्री अशी पाळीने येते, तिथं अशी गाडी तुम्ही घ्याल का?