वर सरकणारी अक्षरं

नव्वदचं दशक संपत आलं होतं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि आम्ही नागपूरहून बेंगळूरला येऊन चार महिने. नवरा सॉफ्टवेअरमध्ये. हेब्बाळला एका घराचा तळमजला आम्ही भाड्याने घेतला होता. माझे सासरे त्याच वर्षी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, म्हणून दिवाळीनंतर नवऱ्याने सासऱ्यांना आमच्याकडे आणलं. आणि लगेच स्वतः तीन महिन्यांसाठी अमेरिकेला गेला.

तो आधीच्या खेपेला तिकडून एक रिसीव्हर घेऊन आला होता. सासरे त्याला शेवटपर्यंत ॲम्प्लिफायरच म्हणत. रिसीव्हर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे फोनचा यायचा. काळी, जड, ट्रंकेएवढी पेटी, पुढच्या बाजूला निळे चमकणारे आकडे. व्हीसीडी प्लेयरची वायर तिच्यात, तिची वायर टीव्हीत, आणि खोलीच्या चारी कोपऱ्यांत स्पीकर. नवऱ्याने एक अख्खा रविवार जमिनीवर पालथं पडून सगळं जोडलं आणि निघताना मला म्हणाला, "वायरींना हात लावू नको. बाकी सोपं आहे." माहितीपुस्तक मात्र विमानात वाचायला म्हणून बरोबर घेऊन गेला.

सासऱ्यांचा दिवस मोठा होता. रस्त्यावरची भाषा कळत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं. दुपारी ते भाड्याच्या सीडीवर जुने हिंदी सिनेमे बघत. नदीचा प्रसंग आला की पाण्याचा आवाज पाठीमागून यायचा आणि ते दर वेळी मागे वळून बघायचे. माझ्याशी फारसं बोलत नसत. मीही बोलत नसे. काय बोलायचं ते सुचायचं नाही.

एकदा आवाज कमी करायला मी रिमोट घेतला आणि भलतंच बटण दाबलं. सिनेमा गेला. पडद्यावर करड्या रंगाचा पट्टा आला आणि त्यात पांढरी अक्षरं खालून वर पळायला लागली. एक ओळ धड वाचावी तर ती वर जाऊन नाहीशी व्हायची आणि खालून दुसरी यायची. मी घाबरून अजून चार-पाच बटणं दाबली. मग पेटी बंद करून परत चालू केली. अक्षरं गेली, पण सिनेमा आला नाही. आवाज चारी कोपऱ्यांतून नीट येत होता, पडदा काळा.

"हे काय होऊन राहिलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"माहीत नाही, बाबा."

केबलच्या वाहिन्या मात्र रंगीत आणि स्वच्छ दिसत होत्या. त्यामुळे तर काहीच कळेना. टीव्ही चांगला, प्लेयर चांगला, आवाज चांगला, मग चित्र गेलं कुठे?

रविवारी नवऱ्याचा फोन आला. मी सांगितलं. तो म्हणाला, "सेटअप दाब. मग व्हिडिओवर जा."

"कुठे जा?"

"व्हिडिओवर. खाली बाण दाब, दिसेल."

"दिसत नाही रे. अक्षरं पळतात."

"पळतात म्हणजे?"

"वर वर जातात."

तो म्हणाला, "टीव्ही बिघडला असेल. कुणाला तरी दाखव." परदेशातला फोन, जास्त बोलता येईना. मी ठेवून दिला.

घरमालकीणबाई कानडीत हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. त्यातून मला एवढंच कळलं, की चामराजपेटेत एक मराठी बोलणारा टीव्ही दुरुस्तीवाला आहे. दुसऱ्या दिवशी मी आणि सासरे दोन बस बदलून तिथे गेलो. दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. दुकानदार साठीचा, मूळ मराठी घरातला, पण तीन-चार पिढ्या इथे गेलेल्या. तो कानडी वळणाने बोलायचा.

"बसा अण्णा, बसा," तो सासऱ्यांना म्हणाला. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. अण्णा कोण, हे त्यांना समजलं नाही.

मी सगळी हकिकत सांगितली. त्याने मान हलवत ऐकून घेतली. "सरी, समजलं. टीव्हीला काय झालेलं नाही हो अक्का. केबलची वायर सीधी टीव्हीत जाते, म्हणून ते बरं दिसतं. सीडीचं चित्र त्या पेटीतून येतं. तुम्ही त्या पेटीला सांगून बसलाय की सीडीचं चित्र दुसऱ्याच भोकातून येतं म्हणून."

"मग ते परत सांगायचं कसं?"

"त्या अक्षरांतूनच सांगायचं."

"पण ती पळतात ना."

"ती अमेरिकेची चाल आहे. तिकडची चित्राची पद्धत एनटीएससी, आपली पाल. आपल्या टीव्हीला तिकडची अक्षरं धरवत नाहीत. त्या पेटीत कुठेतरी पाल करायची सोय असेल बघा." आणि पुढे म्हणाला, "स्वल्प कष्ट आहे. ती सोय पण त्या पळणाऱ्या अक्षरांतच असणार."

शेवटी त्याने सोपा उपाय सांगितला: प्लेयरची वायर काढून सरळ टीव्हीत लावा, पेटीला विसरा. मी म्हटलं, वायरींना हात लावायचा नाही असं आमचे हे बजावून गेलेत. तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी आल्यावर सासऱ्यांनी ट्रंकेतून एक मोठा कागद आणि पट्टी काढली. ते खात्यात ड्राफ्ट्समन होते, हे मला ऐकून ठाऊक होतं. त्यांना काही काढताना कधी पाहिलं नव्हतं.

"तू बटण दाब," ते म्हणाले. "मी सांगेन तेव्हाच. एक दाबलं की थांबायचं."

मी सेटअप दाबून पळती अक्षरं परत आणली आणि त्यांनी खुर्ची पडद्यापासून हातभर अंतरावर ओढली. एखादी ओळ मधोमध आली की तेवढ्यात एक-दोन अक्षरं टिपायची, मग ती परत फिरून येईपर्यंत थांबायचं. एका शब्दाला दहा मिनिटं लागायची. शब्द पुरा झाला की ते त्याभोवती चौकट आखत आणि तिथून बाण काढत. चौकटीतून चौकट निघाली. आम्ही चुकलो, मागे आलो, एकदा तर आहोत कुठे तेच दोघांना कळेना. कागदावर एका जागी त्यांनी नुसतं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेन्सिलीला टोक करता करता ते सहज म्हणाले, "त्या न्हाणीघरातल्या गरम पाण्याचं बटण बाहेर आहे, दाराच्या वर. मला परवाच दिसलं."

मला आधी काही उमगलं नाही. "म्हणजे इतके दिवस?"

"थंड पाण्यानं करत होतो आंघोळ. मला वाटलं, गीझर बिघडला असेल, मुलगा आल्यावर बघेल."

डिसेंबर होता. बेंगळूरची सकाळ तेव्हा चांगलीच गार असायची. महिना होऊन गेला होता.

"बाबा, मला विचारायचं ना."

"तू कामात असते. आणि तुला काय म्हणून हाक मारायची, तेही कळून नाही राहिलं. नावानं मारू, की सूनबाई म्हणू? आमच्या घरी या गोष्टी तुझी सासू बघायची."

मला खूप वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, कुणाचा ते कळलं नाही. मी म्हटलं, "नावानंच मारा." ते "बरं" म्हणाले आणि परत पडद्याकडे बघायला लागले.

तिसऱ्या दिवशी कागदावर टीव्ही फॉरमॅट असे दोन शब्द पुरे झाले. त्यांच्यापुढे एनटीएससी.

"उजवा बाण," सासरे म्हणाले. मी दाबला. पडदा थरथरला, एकदा काळा झाला, आणि अक्षरं जागच्या जागी उभी राहिली. करडा पट्टा आता निळा, त्यावर अक्षरं पांढरी.

पुढचं काम तासाभराचं होतं. सीडीच्या नावापुढचा पर्याय एकेक करून बदलून बघितला आणि तिसऱ्या खेपेला सिनेमातला माणूस झाडाखाली उभा दिसला, रंगांसकट. पण बाकीची पानं आता स्पष्ट वाचता येत असूनही आम्हाला एकाही ओळीचा अर्थ लागेना.

"मॅट्रिक्स म्हणजे काय गं?" त्यांनी विचारलं.

"गणितात असतं, बाबा. इथे काय करतंय, नाही माहीत."

"मग राहू दे."

त्या यादीतून बाहेर कसं पडायचं तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. जमेल ते दाबत कसेबसे बाहेर आलो.

फेब्रुवारीत नवरा परतला. पहिल्याच संध्याकाळी रिमोट घेऊन बसला आणि यादी उघडून म्हणाला, "हे पाल कुणी केलं? मी जोडलं तेव्हा पडद्यावर काहीच वाचता येत नव्हतं. मी सगळं पेटीवरच्या आकड्यांवरून केलं होतं." म्हणजे अक्षरं आधीपासूनच पळत होती, आणि फोनवर मला खाली बाण दाबायला सांगणाऱ्यानेही ती कधी वाचली नव्हती. सासरे पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मग त्याचं लक्ष पेटीच्या पुढच्या बाजूला गेलं. तिथले निळे आकडे आधी खोलीभर उजेड पाडायचे, ते आता इतके मंद झाले होते की जवळ जाऊन डोळे बारीक करावे लागत. त्याने पुस्तक दोनदा चाळलं. आकडे काही उजळले नाहीत. पुढे सहा वर्षं, ती पेटी विकेपर्यंत, ते तसेच राहिले.

"यालाही तुम्ही काही केलंत का?" त्याने विचारलं होतं.

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. केलं असणारच. पण कधी आणि कुठल्या बटणाने, हे दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.