सही जुळत नाही

एमआरआयची फिल्म उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले, "सर्व्हायकल मायलोपॅथी है." म्हणजे मानेत मज्जारज्जू दाबला गेलाय, आणि हातपाय हळूहळू निकामी होतात. "ऑपरेशन से जो बचा है, बच जाएगा. जो गया, उसका भरोसा नहीं."

वर्षभर मला शर्टाची बटणं लावता येत नव्हती. वय झालं, असं मी म्हणत राहिलो.

ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली ठरली. दुपारी संमतिपत्रावर सही करताना पेन दोनदा गळालं. नर्स म्हणाली, "अंगूठा लगा दीजिए अंकल जी, चलता है." मी अंगठा उमटवला आणि मला रामसेवक आठवला.

झाशीच्या पोलीस कार्यालयात मी बाबू आहे. अपंगत्वामुळे मुदतीआधी निवृत्ती मागणाऱ्यांच्या फायली माझ्याकडे येतात. अर्जावरची सही सेवापुस्तिकेतल्या सहीशी ताडून पाहायची आमची पद्धत. शिपाई रामसेवकची बोटं बधिर झाली होती. त्याचा अर्ज मी तीनदा परत केला. शेरा एकच : सही जुळत नाही.

तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "बाबूजी, हाथ ठीक होता तो अर्जी काहे देते?" सगळे हसले. मीही हसलो. साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. तो कामचुकार आहे असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तो पहाऱ्याच्या ड्यूटीवर जात राहिला आणि एक दिवस जिन्यावरून पडला. तेव्हापासून अंथरुणावर आहे.

ऑपरेशनच्या आठवडाभर आधी मी नवा अर्ज आणि दोन साक्षीदार घेऊन मऊरानीपुरला त्याच्या घरी गेलो. अंगठ्याचं कळताच त्याची बायको म्हणाली, "जा बात पैले काए नईं बताई?" हे आधी का सांगितलं नाही, असं ती विचारत होती; मी शाईची डबी उघडली. रामसेवक छताकडे पाहत राहिला.

महिन्याभरात त्याची निवृत्ती मंजूर झाली. तो उठला नाही, उठणारही नाही. ऑपरेशननंतर मी काठी घेऊन चालतो. लोक म्हणतात, देवाची कृपा. मला मान वर करवत नाही.

बटणं लागत नसतील, हातातून पेला सुटत असेल, तर माझ्यासारखी वाट पाहू नका, तपासून घ्या. आणि तुमच्या टेबलावर असे अर्ज येत असतील, तर समोरच्याला बसवा, त्याचा हात हातात घेऊन पाहा. मी रामसेवकचा अंगठा धरून शाईवर दाबला, तेव्हा कुणी हात धरलाय हेही त्याला कळलं नाही.