अकरा वह्यांचं पार्सल

"आजी, तुमच्या अकरा वह्या आल्यात. ही मूळ प्रत आहे का?" फोनवरच्या बाईंनी विचारलं.

"मग काय नकली पाठवू?"

"झेरॉक्स ठेवलीय ना?"

"न्हाई."



मी चिखलीतल्या रबराच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं ट्रिमिंगला होते. साच्यातून निघालेल्या पार्टच्या कडेला जादा रबर राहतं, त्याला फ्लॅश म्हणतात. ते ब्लेडने काढायचं. शाळा चौथीपर्यंत. रिटायर झाल्यावर माझ्यासोबत ट्रिमिंगच्या टेबलावर बसणाऱ्या बायकांबद्दल लिहिलं. त्यातल्या दोघी आता नाहीत. वह्या हरवल्या असत्या तर त्याही पुन्हा गेल्या असत्या.

फोनवरच्या बाई लिटररी एजंट. लेखकाच्या वतीने त्या प्रकाशकाशी बोलतात, पुस्तक घेतलं गेलं की आपला वाटा घेतात. मराठीत लेखक बहुधा थेट प्रकाशकाकडे जातो. पण माझ्या नातीला मराठी वाचताना ठेच लागते, म्हणून मला इंग्रजीतही पुस्तक हवं होतं, आणि इंग्रजी प्रकाशकाकडे जायला एजंट लागतो.

सून वैशाली माण गावातल्या आयटी कंपनीत आहे. ती म्हणाली, "आई, तुमच्या लिखाणासारख्या पुस्तकांची शेवटची पानं बघा. लेखक तिथं एजंटचे आभार मानतात."

चिंचवडच्या लायब्ररीत दोन नावं मिळाली. एकाने वाचायचेच पैसे आधी मागितले. असले ठेकेदार मी ओळखते. त्याला सोडलं. दुसरीला, वैशालीला न विचारता, सगळं पार्सल केलं.

"मॅडम, माल पसंत न्हाई का?" मी फोनवर विचारलं.

"आजी, एवढं वाचायला वेळ कुठाय? आधी एका पानाचं पत्र, थोडक्यात गोष्ट आणि पहिली तीस पानं पाठवायची."

"म्हणजे फर्स्ट पीस!"

साचा लावला की पहिला नग तपासणीला जातो. तो ओके झाल्याशिवाय बाकीचा लॉट चालवत नाहीत. तीस वर्षं हेच केलं, आणि स्वतःच्या वेळी अख्खा लॉट धाडला.

दुसऱ्याच दिवशी जाऊन वह्या घेऊन आले. पहिली वही वाचली. नुसतं माझं माहेर. सगळा फ्लॅश. ती वहीच काढून टाकली. आमच्या टेबलावरच्या सुशीलाने ब्लेडने बोट कापून घेतलं आणि तरी शिफ्ट पुरी केली, तिथून सुरुवात केली आणि पत्र, गोष्ट, तीस पानं पाठवली.

दोन महिन्यांनी फोन आला. "आजी, पुढचं पाठवा."

"ओके झालं?"

"ओके. पण या वेळी झेरॉक्स!"

प्रकाशक अजून मिळालेला नाही. बाई शोधतायत, मी थांबलेय. लिहिणाऱ्यांना एवढंच सांगते: पहिला नग चारही बाजूंनी साफ करा. लॉट घरी ठेवा.