पुढच्या जागेवरचा धोंडा

मेन राज्यातल्या जंगलात गाडीरस्ता संपल्यावर बरंच चाललं की ते तळं लागतं. डेलमंटची होडी तिथेच झाडाला बांधलेली असते. जन्मभर त्याची बायको व्हर्ना पुढे बसून गळाला लावलेली पिसांची खोटी माशी पाण्यावर फेकायची आणि तो मागे बसून वल्हं मारायचा. यंदा ती नाही. पुढची जागा रिकामी असली की होडीचं नाक वर उचललं जातं, म्हणून त्याने तिच्या जागी एक धोंडा ठेवला.

"अरे, धोंडा काय ट्राउट मासे धरणारे?" काठावरून शेजारी आर्मंड ओरडला. "मधे बस की लेका, नि तूच गळ टाक!"

"ती जागा व्हर्नाची आहे. तू तुझं बघ."

वल्हं मारत तो तळ्याच्या मध्यावर आला. तिथे एका ट्राउटने खरीखुरी माशी टिपली, पाण्यावर वर्तुळं पसरली. अशा वेळी वल्हं होडीला जरा जरी लागलं, तरी व्हर्ना मागे न बघता फिस्कारायची, "हळू रे रेड्या, मासे पळतील!" तिच्या धाकाने त्याचं वल्हं कधीचं मुकं झालं होतं.

डेलमंटने वल्हं उचललं आणि मुद्दाम होडीच्या कडेवर हाणलं. सगळं तळं दणाणलं, मासे पळाले.

धोंड्याकडे बघत तो कान देऊन बसून राहिला.